बातम्या पाहून माणूस उगाच घाबरतो का?

तुम्ही लिहिलंय की विमान अपघाताच्या बातम्या पाहिल्यापासून आई विमानात बसायला तयार नाहीत, आता सगळा प्रवास गाडीनेच करायचा म्हणतात. बातम्यांमुळे माणूस उगाच घाबरतो का?

घाबरतो, पण ‘उगाच’ म्हणू नका. मी काही वर्षं न्यूज डेस्कवर काढली आहेत. अपघात झाला की सुरुवातीला हाती एखादाच व्हिडिओ असायचा आणि तोच दिवसभर फिरायचा. विमान एकदाच पडलेलं असतं, घरी बसून पाहणाऱ्यासाठी ते चाळीस वेळा पडतं. आम्ही खोटं काहीच दाखवत नव्हतो आणि तेच मला अजून टोचतं. एकेक बातमी खरी असते, तरी सगळ्या मिळून फसवं चित्र उभं राहतं.

कारण बातमी होते ती क्वचित घडणाऱ्या गोष्टीची. सुखरूप उतरलेल्या विमानाची कोण करणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात रस्त्यांवर ११ लाख ९० हजार माणसं गेली, म्हणजे दिवसाला तीन हजारांच्या वर. पण ती जातात एक-एक, दोन-दोन करून, वेगवेगळ्या ठिकाणी. आतल्या पानावर चार ओळी, बस्स.

आणि मन काही आकडे मोजत बसत नाही. जे पटकन आठवतं तेच त्याला जास्त घडणारं वाटतं. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दम्यापेक्षा टोर्नेडो जास्त जीवघेणा वाटत होता. प्रत्यक्षात दम्याचे बळी सुमारे वीसपट होते.

आईंचा निर्णय वाचून मला ११ सप्टेंबर २००१ नंतरची अमेरिका आठवली. त्या हल्ल्यात चार विमानांतले प्रवासी आणि कर्मचारी मिळून २४६ जण गेले. पुढे कित्येकांनी विमान टाळून गाडी काढली. गर्ड गिगरेन्झर या मानसशास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे त्यामुळे वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्तीची मेली. त्यांची स्वतंत्र बातमी कधी झालीच नाही, कारण त्यातला कुठलाही अपघात वेगळा दिसत नव्हता.

आईंशी वाद घालू नका. नुसत्या आकड्यांनी भीती जात नाही. आधी ते दृश्य घरात पुन्हापुन्हा लागणं थांबवा, चार-आठ दिवस जाऊ द्या. मग शांतपणे विचारा: गाडीने किती तास लागतील, चालवणार कोण, रात्रीचा प्रवास आहे का?