लंडन-लिव्हरपूलचे जुने डॉक्स युनियनच्या संपांमुळेच बंद पडले का? आणि तिथे आता फ्लॅट-ऑफिसं बांधणं बरोबर आहे का?

नाही. संप झाले, भरपूर झाले, पण डॉक्स मेले ते कंटेनरमुळे आणि जहाजांच्या वाढत्या आकारामुळे. प्रश्न बघून राहवलं नाही, कारण याच मुद्द्यावरून माझे साडू आणि मी वर्षानुवर्षं भांडतोय. ते कॅनरी व्हार्फमधल्या (लंडनच्या जुन्या डॉक्सच्या जागी उभ्या राहिलेल्या बँकांच्या भागातल्या) एका बँकेत होते, आणि कामगारांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी जनरल कार्गो जहाजावर कॅडेट होतो. लंडनच्या रॉयल डॉक्समध्ये चहाच्या पेट्या आणि तागाचे गठ्ठे उतरायचे आणि माझं काम म्हणजे फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, उभं राहून टॅली (मोजणी) ठेवायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पेट्या प्लायवूडच्या, कडांना पत्र्याची पट्टी, ती कुठे उचकटलेली असली की हात कापायचा. गँगमधली माणसं कोपऱ्यातली एकेक पेटी ओढून हॅचच्या, म्हणजे फाळक्याच्या वरच्या तोंडाच्या, खाली आणायची, स्लिंगवर (क्रेनला अडकवायच्या दोराच्या झोळीवर) रचायची, वर हात करायची, मग क्रेन उचलणार. पाऊस आला की हॅच झाका, काम बंद, नाहीतर चहा भिजला. एक जहाज रिकामं व्हायला आठवडा सहज जायचा. साडू याला कामचुकारपणा म्हणतात. मी त्या माणसांच्या शेजारी उभा होतो, संध्याकाळी त्यांचे हात कसे झालेले असायचे ते मी बघितलंय, त्यामुळे हा शब्द मला अजिबात सहन होत नाही.

पुढे मी कंटेनर जहाजांवर गेलो. त्याच्या कितीतरी पट माल एका दिवसात खाली आणि आम्ही परत समुद्रात, भर पावसातसुद्धा. 1956 मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्या उद्योजकाने आयडियल एक्स जहाजावर 58 कंटेनर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले, तिथेच या डॉक्सचं भवितव्य ठरलं होतं.

आता मुद्द्याचं. रॉयल डॉक्समधला सगळ्यात नवा डॉक किंग जॉर्ज पाचवा, 1921 चा, त्याचं लॉक (जहाज आत घ्यायचं दारांचं पाण्याचं कुंड) 30.5 मीटर रुंद. जुन्या पनामा कालव्यातून जेमतेम जाणारं जहाज 32.2 मीटर. म्हणजे ते आत शिरणारच नाही, युनियनने कितीही गोड वागायचं ठरवलं तरी! शिवाय कंटेनर ठेवायला मागे मैदानासारखी मोकळी जागा लागते आणि इथे जुन्या डॉक्समध्ये धक्क्याला लागूनच गोदामं. म्हणून धंदा थेम्सच्या मुखाकडे खाली टिलबरीला आणि पूर्व किनाऱ्यावरच्या फेलिक्स्टो बंदराला गेला. ईस्ट इंडिया डॉक 1967 ला बंद, सेंट कॅथरीन 1968, रॉयल्स 1981. आणि संपच कारण असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचे धक्के ओस पडून सगळा माल समोरच्या ओकलंडला का गेला, मॅनहॅटनचा न्यू जर्सीला का गेला? देश वेगळा, कायदे वेगळे, युनियन वेगळी, निकाल तोच. यावर साडूंकडून आजपर्यंत उत्तर आलेलं नाही.

डॉक्ससारखेच मालवाहतुकीचे कालवेही ओस पडले, त्यांचं तर अजूनच सरळ आहे. इंग्लंडमधल्या अरुंद कालव्यांची लॉक्स जेमतेम सात फूट रुंद, एका बोटीत पंचवीस-तीस टन माल, आधी रेल्वेने खाल्लं मग लॉरीने, आणि 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले तेव्हा जे गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

बांधकामाबद्दल माझं मत, बांधा, पण पाणी बुजवू नका. लंडनचे सरे डॉक्स बहुतेक बुजवून टाकले, आता तिथे फिरताना कळतसुद्धा नाही की हा डॉक होता. उलट लिव्हरपूलचा अल्बर्ट डॉक बघा. 1846 चा, जेसी हार्टली या इंजिनिअरने आगीच्या भीतीने लाकूड टाळून वीट आणि लोखंडात बांधलेला, 1972 ला बंद पडून गाळाने भरला होता. तो गाळ उपसला, गोदामं तशीच ठेवली आणि 1988 ला तिथे टेट ही चित्रांची गॅलरी आली. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये तर डॉकची पात्रं शिप कॅनॉलच्या (जहाजांच्या मोठ्या कालव्याच्या) घाण पाण्यापासून बांध घालून तोडली, पाण्यात हवा सोडली, तेव्हा कुठे मासे परत आले. खर्चिक काम आहे, पण पाण्याला वास येत असेल तर काठावर कोण राहणार? लिव्हरपूलने मात्र पुढे उत्तरेच्या डॉक्सवर इतकं बांधायला काढलं की 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतून नाव गेलं.

लंडन डॉकलँड्सला 1981 मध्ये सरकारने वेगळं महामंडळ दिलं, टॉवर आले, रेल्वे आली, बँका आल्या. साडू म्हणतात बघा किती छान झालं. छान झालंच, पण फाळक्यात घाम गाळलेल्या माणसाला बँकेत कोण घेणार होतं? त्याच्या मुलाला समोरचा फ्लॅट परवडला का? रीडेव्हलपमेंटचा हिशोब मांडताना हे दोन प्रश्न आधी विचारा, चौरस फुटाचा भाव नंतर.

एक गोष्ट मान्य करतो. फेलिक्स्टो हे सरकारी डॉक लेबर स्कीमच्या (नोंदणी झालेल्या गोदी कामगारांच्या कामाची हमी देणाऱ्या योजनेच्या) बाहेर होतं, त्याचा त्यांना फायदा झाला आणि लंडनचा शेवट त्यामुळे थोडा लवकर आला असेल. पण कंटेनर रचायला मोकळी जमीन आणि लॉकशिवाय थेट समुद्रावरचा धक्का नसता तर स्कीमबाहेर राहूनही त्यांच्याकडे कोणी फिरकलं नसतं, हे मी साडूंना परवाही फोनवर सांगितलं.