नदीकाठच्या घोडेवाटेसाठी: परवानगी मागू नकोस, पुरावा गोळा कर

प्रिय पोरी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि त्या पाटीचा फोटोही. टेम्सकाठच्या कुरणातल्या वाटेवर घोड्यांना बंदी घातलीय, फाटकाला कुलूप आलंय, आणि आता तू जमीनमालकाला नम्रपणे लिहून परवानगी मागणार आहेस. ते पत्र अजून पोस्टात पडलं नसेल तर राहू दे.

तुझा नम्रपणा मला आवडतो, पण इथल्या कायद्यात तो उलटा पडतो. १९८० च्या हायवेज ॲक्टच्या ३१व्या कलमाप्रमाणे लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं हक्काने वापरली, तर ती सार्वजनिक झाली असं धरलं जातं. हक्काने म्हणजे जबरदस्ती न करता, लपूनछपून नाही, आणि कुणाच्या परवानगीनेही नाही. ही तिसरी अट आपल्या लोकांच्या गळी उतरत नाही. कुणाच्या शेतातून जायचं तर विचारून जावं, असंच आपण शिकलेलो असतो. आज परवानगी मागितलीस तर मागची वर्षं पुसली जाणार नाहीत, पण आपला हक्क नव्हता, मालकाच्या मेहेरबानीने जात होतो, असं स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होईल. शिवाय परवानगीने मिळालेली वाट मालक पुन्हा कधीही बंद करू शकतो. पुढची मालकीण आली की खेळ संपला.

त्या पाटीचा राग धरू नकोस. कुणीतरी हक्काला उघडपणे आडवं आलं, तो दिवस कायद्यात महत्त्वाचा असतो. २० वर्षं त्या दिवसापासून मागे मोजतात. म्हणून फोटो तारखेसकट जपून ठेव, आणि कुलूपाचाही काढ. कुलूप मात्र तोडू नकोस, कुणाला तोडू देऊही नकोस.

आता खरं काम. तिथून घोडा नेणारी माणसं शोध. प्रत्येकाने २० वर्षं रपेट केलेली असायला हवी असं नाही. तुझी तीन वर्षं, तुझ्या शेजारणीची अकरा, त्या निवृत्त लोहाराची त्याआधीची, अशी सगळ्यांची मिळून वर्षं भरली आणि वापर गावातल्या बऱ्याच जणांचा दिसला की झालं. कौंटी कौन्सिलकडे वापराच्या पुराव्याचे छापील फॉर्म असतात. प्रत्येकाने आपला आपण भरावा, नकाशावर आपली वाट आपल्या हाताने रंगवावी. दहा जणांनी एकाच शब्दांत लिहिलेलं तपासणीस लगेच ओळखतो. एक गोष्ट आधीच विचारून घे: यांपैकी कुणाचा घोडा त्याच मालकाच्या लिव्हरी यार्डात, म्हणजे पैसे देऊन घोडे ठेवायच्या तबेल्यात, होता का? असेल तर ती माणसं मालकाच्या संमतीने जात होती असं म्हटलं जाईल, आणि त्यांचे फॉर्म फारसे उपयोगी पडणार नाहीत. मालकाने कौन्सिलकडे आधीच नकाशा आणि निवेदन दाखल करून आपण नव्या वाटा देत नाही असं जाहीर केलंय का, तेही बघ. ३१व्या कलमातच ती सोय आहे. तसं निघालं तर २० वर्षं त्या तारखेपासून मागे मोजावी लागतील.

कौन्सिलच्या डेफिनिटिव्ह मॅपवर, म्हणजे सार्वजनिक वाटांच्या अधिकृत नकाशावर, ही वाट फुटपाथ म्हणजे फक्त पायी चालण्याची वाट म्हणून आहे, हे तू बरोबर शोधलंस. १९४९ च्या कायद्याने हे नकाशे सुरू झाले. हा नकाशा सातबाऱ्यासारखा आहे असं आपल्या माणसांना मी नेहमी सांगते, म्हणजे त्यांना त्याचं वजन कळतं. त्यात वाट चढली की तो हक्क पक्का. पण फुटपाथ अशी नोंद आहे म्हणून घोड्याचा हक्क नाहीच, असं मात्र सिद्ध होत नाही. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली फुटपाथचा ब्रायडलवे, म्हणजे घोड्यांनाही खुली वाट, करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तोच आपल्याला करायचाय.

जुने कागदही लागतील. एखाद्या एन्क्लोजर अवॉर्डमध्ये, म्हणजे सामाईक जमिनी वाटून कुंपणं घातली तेव्हाच्या निवाड्यात, रुंदीसकट ब्रायडल रोड लिहिलेला सापडला तर सोनं. टाइद मॅप, म्हणजे चर्चच्या दशांश करासाठी काढलेले जुने नकाशे, तेही बघ. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय दफ्तरखान्यात, १९१० च्या फायनान्स ॲक्टचे नकाशे आहेत. त्यात करासाठी जमिनीचे तुकडे रंगवलेले आहेत, आणि दोन तुकड्यांमधून न रंगवता सोडलेली पट्टी दिसली तर ती सार्वजनिक रस्ता असण्याची शक्यता मोठी. एकदा सार्वजनिक झालेली वाट पुढे कुणी वापरली नाही म्हणून तिचा हक्क मरत नाही. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीचा कागदही आज चालतो. अशा जुन्या कागदांवरच्या अर्जांना २००० च्या कायद्याने २०२६ ची मुदत घातली होती, पुढे ती २०३१ वर नेली, आणि २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ती रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. तरी सैल पडू नकोस. कागद थांबतील, साक्ष देणारी म्हातारी माणसं थांबणार नाहीत.

नदीकाठावर एक मुद्दा फार फसवा आहे. तू लिहिलंस की हा टोपाथ, म्हणजे नावा ओढून नेण्याची काठची वाट, मुळात घोड्यांसाठीच बांधला, मग आपला हक्क उघडच आहे. बांधला घोड्यांसाठीच. टेम्सवरचे पडाव, म्हणजे मालवाहू नावा, घोडे काठावरून ओढून नेत. मधेच टोपाथ नदी ओलांडून पलीकडच्या काठाला जाई, आणि मौल्सफर्डसारख्या ठिकाणी घोड्यांना फेरीबोटीतून पार न्यावं लागे. पण तो हक्क पडाव ओढण्यापुरता होता, रपेटीचा नव्हता. त्याच्याबरोबरीने लोकांना वेगळा हक्क मिळू शकतो, हे १८८८ मध्ये एका कालव्याच्या टोपाथबद्दल न्यायालयाने मान्य केलं, पण तो पायी चालण्याचा होता. म्हणून अर्जात पडावांच्या घोड्यांवर भर देऊ नकोस. मला याचं वाईट वाटतं. घोड्यांच्या टापांनी तुडवलेला तो काठ १९९६ मध्ये टेम्स पाथ म्हणून राष्ट्रीय पायवाट झाला, आणि त्याच्या मोठ्या भागावर आज घोड्याला जागा नाही. रिजवे या दुसऱ्या राष्ट्रीय पायवाटेचंही तेच. पश्चिमेकडून स्ट्रीटलीपर्यंत घोड्यावरून येता येतं, आणि नदी ओलांडून गोरिंगला गेलं की पुढचा बराचसा भाग पायी चालणाऱ्यांचा. इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांपैकी सुमारे २२ टक्केच घोडेस्वारांना खुल्या आहेत. उरलेलं अंतर रस्त्यावरून. २०२२ पासून हायवे कोड, म्हणजे इथली वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका, सांगते की घोड्याजवळून जाताना वेग ताशी १० मैलांच्या आत हवा आणि अंतर किमान दोन मीटर. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर मागून व्हॅन आली की हे किती पाळलं जातं, तुला ठाऊक आहे. म्हणूनच या कुरणातल्या वाटेसाठी माझा जीव तुटतो.

नदी स्वतःही वाट घेऊन जाते. पुरात काठ ढासळून वाट पाण्यात गेली, तर हक्क आपोआप मागे सरकत नाही. त्यामुळे आत्ताच, काठ शाबूत असताना, कुंपणापासून पाण्यापर्यंतची रुंदी टेपने मोजून फोटो काढ, आणि काठ कुठे खचतोय ते कौन्सिलला लेखी कळव. वाट आत घेण्याची बोलणी जमीन शिल्लक असतानाच होतात.

सायकलवाल्यांशी भांडू नकोस. १९६८ पासून ब्रायडलवेवर सायकलला परवानगी आहे, फक्त घोड्याला आणि पायी चालणाऱ्याला वाट द्यायची. आपला अर्ज मंजूर झाला तर वाट त्यांनाही मिळेल, तेव्हा त्यांच्या क्लबलाही पाठिंब्याचं पत्र माग. मात्र नंतर कुणी डांबर घालायचं म्हणालं तर बाजूला गवताची पट्टी ठेवायला सांग. ओल्या गुळगुळीत डांबरावर नाल घसरतात. फाटकाची रुंदी कायद्याने किमान पाच फूट हवी. कडीही खोगिरावर बसून हाताला लागेल अशी असावी, ते आपण मागायचं.

आणि हिवाळ्यात, कुरण भिजलेलं असताना, जिथे अजून जाता येतं तिथेही दुडकी नको. टापांचे खड्डे मेच्या सुरुवातीपर्यंत राहतात, आणि कुत्रा घेऊन फिरायला आलेल्या माणसांचे पाय त्यात मुरगळतात. उद्या हरकती मागवल्या की तीच माणसं आपल्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिणार. भेटलं की घोडा थांबव, बोल, नाव विचार.

आपल्याकडे धनगर अजून बिऱ्हाड तट्टांवर लादून नदीकाठाने फिरतात, आणि दर वर्षी कुठलातरी जुना रस्ता त्यांना कुंपणाने अडलेला सापडतो. त्यांना अर्ज करायला असा नकाशाही नाही. इथे आहे, तर तो वापरू या.

अर्ज दिल्यावर, जमीनमालकाला नोटीस दिल्याचा दाखला कौन्सिलकडे पोचल्यापासून १२ महिन्यांत कौन्सिलने निर्णय दिला नाही, तर प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे दाद मागता येते. ती तारीख आजच डायरीत टाकायची तयारी ठेव. आधी भरलेले फॉर्म माझ्याकडे पाठव, मी एकेक वाचून शेरे मारते. क्यूला जायचा दिवस ठरव, मी बरोबर येते. पेन्सिल आण, तिथे पेन चालत नाही.

तुझी,
काकू