कृषी यंत्र सल्ला : सेल्फ बदलण्याची घाई करू नका

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत तीन सिलिंडरचा डिझेल मिनी ट्रॅक्टर आहे. पावसाळ्यात दीड महिना तो शेडमध्ये उभा होता. आता चावी फिरवली की दिवे लागतात, पण एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन हलत नाही. बॅटरी दोन वर्षांची असून चार्ज करून आणली आहे, मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवते. शेजाऱ्यांच्या बॅटरीच्या केबल लावल्या (लाल केबल आमच्या बॅटरीला, काळी इंजिनच्या बोल्टला), तेव्हा इंजिन जोरात फिरले, परंतु पकडले नाही आणि धूरही आला नाही. मेकॅनिक सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदलायला सांगतात. फळछाटणी तोंडावर आहे, काय करावे?
— एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : काळी केबल कुठे लावली हे आपण आवर्जून लिहिलेत, त्यामुळे निम्मे निदान तिथेच झाले. शेजाऱ्यांच्या बॅटरीवर इंजिन जोरात फिरले, म्हणजे आपला सेल्फ चांगला आहे. त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. बॅटरीही भरलेली दिसते. मग उरते ती बॅटरीची निगेटिव्ह केबल, जिला आपण अर्थिंग म्हणतो. शेजाऱ्यांची काळी केबल थेट इंजिनला लागल्यामुळे नेमका हाच तुकडा वगळला गेला. दिव्यांना फार थोडा करंट पुरतो, तर सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. म्हणून गंजलेल्या जोडावरही दिवे लागतात आणि सेल्फ मात्र ‘टक्’ करून थांबतो. बॅटरी उतरलेली असती, तर बहुधा एका टक्कऐवजी टकटक अशी मालिका ऐकू आली असती.

खात्री करण्यासाठी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर धरून कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर दोष अर्थिंगचाच समजा. द्राक्षबागेत हे वारंवार आढळते, कारण फवारणीच्या ब्लोअरमधून उडणारे बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे औषध) चासीवर बसते आणि केबलच्या टोकाच्या थिंबलखाली (बोल्टमध्ये अडकवायच्या धातूच्या कडीखाली) हिरवट पूड साचते. वरून बोल्ट घट्ट वाटतो, पण खोलून पाहिल्यावर थिंबलची आतली बाजू काळी पडलेली असते. केबल काढताना आधी निगेटिव्ह काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. थिंबल आणि त्याखालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बॅटरीच्या खुंट्यांवरची पूड खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा (हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका) आणि घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुसरा दोष वेगळा आहे. इंजिन फिरते आणि धूर अजिबात येत नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर आला असता, तर डिझेल येते पण पेटत नाही असे म्हटले असते आणि मी आधी हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) पाहायला सांगितले असते. इंजिन बंद करण्याची दांडी अर्धवट ओढलेली राहिली नाही ना, टाकीखालचा कॉक उघडा आहे ना, हे आधी पाहा. हसू नका, अनेकदा बिघाड एवढाच असतो. मग फिल्टरच्या वाटीतले पाणी काढा, फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा ढिला करा आणि बुडबुडे संपून डिझेलची सलग धार येईपर्यंत हातपंप मारा. स्क्रू आवळून इंजिनच्या डिझेल पंपाजवळच्या स्क्रूवरही तेच करा. इंजेक्टरच्या नळ्या मात्र घरी ढिल्या करू नका. त्यांतील डिझेल इतक्या दाबाने येते की ते कातडीत शिरते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मधे एक मिनिट थांबावे.

प्रश्न : चावीने सेल्फ लागत नाही म्हणून माझा मुलगा खाली उभा राहून सेल्फवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करतो. यात काही नुकसान आहे का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : मुलाला आजच थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेचकस टेकवला की क्लच व न्यूट्रलचे सुरक्षा स्विच वगळले जातात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन सुरू होताच तो पुढे सरकतो, आणि सेल्फजवळ उभ्या असलेल्या माणसाला बहुतेक मागच्या चाकापुढून बाजूला होण्याइतकाही वेळ मिळत नाही. चावीने सेल्फ न लागण्याचे कारण पुष्कळदा क्लचखालचा तो छोटा स्विच किंवा उंदराने कुरतडलेली त्याची वायर एवढेच असते. इलेक्ट्रिशियनकडून ती दुरुस्त करून घ्या, वायर थेट जोडून घेऊ नका. दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, सीटवर बसून आणि क्लच न दाबता चावी फिरवून पाहा. क्लचला स्विच असलेल्या ट्रॅक्टरचा सेल्फ तेव्हा लागता कामा नये.