वाचकांचे प्रश्न : रुळांवरची गाडी बॅटरीवर आणताना

प्रश्न : माझ्याकडे एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) खेळण्यातलं, दोन रुळांतून १२ व्होल्ट डीसी घेणारं डिझेल इंजिन आहे. रूळ पुसून पुसून कंटाळा आला. हेच इंजिन बॅटरी आणि रिमोटवर चालवायचं तर काय काय लागेल?

उत्तर : खरेदीच्या आधी मल्टिमीटर काढा. इंजिनाचं वरचं कवच उतरवून दोन गोष्टी मोजायच्या : आत मोकळी जागा किती मिलिमीटर आहे, आणि मोटर अडकली की किती करंट ओढते. करंटसाठी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मोटरच्या सिरीजमध्ये जोडा, जी बॅटरी वापरणार तिच्याएवढंच व्होल्टेज द्या आणि मोटरचा दांडा बोटांनी अडवून धरा. दोन सेकंद पुरेत. त्याहून जास्त धरलं तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं. या मापाची मोटर सरळ रुळावर साधारण ०.२ ते ०.३ अँपिअर घेते, अडकली की १ अँपिअरच्या आसपास जाते. जुनी मोटर याहून जास्त खाते. कंट्रोलर (मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारं सर्किट) निवडायचा तो या अडकलेल्या आकड्याच्या दीडपट क्षमतेचा.

बॅटरीसाठी ३.७ व्होल्टचे दोन लिथियम पॉलिमर सेल सिरीजमध्ये, म्हणजे ७.४ व्होल्ट, हे आमच्या मते सगळ्यांत बरं. वेग १२ व्होल्टच्या मानाने साठेक टक्क्यांवर येतो, पण पूर्ण १२ व्होल्टवर खेळण्यातलं इंजिन ज्या वेगाने पळतं तो कुठल्याच खऱ्या मालगाडीला शोभणारा नसतो. एकच सेल आणि व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल असाही मार्ग आहे, मात्र त्याचा हिशेब नीट मांडा. १२ व्होल्टवर ०.२५ अँपिअर म्हणजे ३ वॅट. मॉड्यूलची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलमधून ३.५ वॅट, म्हणजे जवळजवळ ०.९५ अँपिअर जातात. ५०० एमएएचचा सेल अर्ध्या तासात आटोपतो. ‘बॅटरी लवकर उतरते’ अशी तक्रार असेल तर आधी हे गणित तपासावं.

रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि मोटर कंट्रोलर एकाच सर्किटच्या पट्टीवर असलेला २.४ गिगाहर्ट्झचा छोटा संच घ्या. तो ब्रशवाल्या (फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे असलेल्या) मोटरसाठी असावा आणि मागेपुढे दोन्ही दिशांना चालवणारा असावा. पट्टीवरची व्होल्टेजची कमाल मर्यादा वाचा. ७.४ हा आकडा सरासरीचा आहे. ताजी चार्ज केलेली जोडी ८.४ व्होल्ट देते. ७.५ पर्यंतच चालणारी पट्टी पहिल्याच दिवशी जळेल.

आता खरं काम : मोटर रुळांपासून पूर्ण तोडणं. इंजिनात आठ पिनांचं डीसीसी (डिजिटल कंट्रोलचं) सॉकेट असेल तर नशीब चांगलं. त्यातला कोरा प्लग (मोटर थेट रुळांना जोडणारा) काढला की मोटर आपोआप सुटी होते. पिन १ (नारिंगी) आणि पिन ५ (करडी) मोटरच्या. कंट्रोलरचं आउटपुट तिथे जोडा. पिन ८ (लाल) आणि पिन ४ (काळी) रुळांकडून येतात, त्यांना हात लावू नका. सॉकेट नसेल तर चाकांवर घासणाऱ्या पितळी पट्ट्यांच्या वायर मोटरजवळ कापून टोकांवर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवा. जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट धातूच्या चौकटीला टेकलेला असतो. तो उचलून खाली प्लास्टिकची पातळ चकती घालावी लागते. शेवटी मोटरचं प्रत्येक टोक आणि प्रत्येक चाक यांत कंटिन्युइटी (करंट जायला सलग वाट आहे का ते) तपासा. एकाही जोडीला मीटरने बीप दिला तर पुढे जाऊ नका.

बॅटरी इंजिनात मावली नाही तर इंजिनाला लागून असलेल्या मागच्या डब्यात ठेवा. जागा करण्यासाठी इंजिनातलं वजन काढू नका. लिथियम सेल हलका असतो. वजन गेलं की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी हलत नाही. डब्यापर्यंतची वायर सिलिकॉन आवरणाची, बारीक पदरांची हवी. साध्या ताठ वायरमुळे वळणावर डबा रुळांवरून उतरतो आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

प्रश्न : जोडणी झाली. पण वेग देताच रिसीव्हरचा दिवा विझून पुन्हा लागतो आणि गाडी झटके खाते. मागे नेण्यासाठीही रिमोटची दांडी दोनदा ओढावी लागते.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. दिवा विझतो कारण मोटर सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. वायर फार बारीक आहे का, कनेक्टर सैल आहे का हे बघा. मग रिसीव्हरच्या पॉवरच्या दोन टोकांवर ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कॅपॅसिटर लावा. त्याचं धन-ऋण उलटं झालं तर तो फुटतो. झटके तरीही राहिले तर ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट असेल : मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा (वर १०४ लिहिलेला) सिरॅमिक कॅपॅसिटर सोल्डर करा. अँटेनाची वायर धातूच्या वजनाखाली दबलेली नको. तिचं उघडं टोक ३१ मिलिमीटरचं असतं. ते कापायचं नाही, गुंडाळायचंही नाही.

दांडी दोनदा ओढावी लागते म्हणजे कंट्रोलर रिमोटवरच्या मोटारगाडीसाठीचा आहे. त्यात पहिला ओढा ब्रेकचा आणि दुसरा मागे जाण्याचा असतो. बऱ्याच कंट्रोलरांत ही पद्धत एका जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) बदलता येते. आणखी एक चाचणी करा : चाकं अधांतरी धरून गाडी चालू ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटर थांबायलाच हवी. थांबली नाही तर रिसीव्हरचं फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) पुन्हा सेट केल्याशिवाय गाडी रुळांवर ठेवू नका.

प्रश्न : लहान शंटिंग इंजिनात ४०० एमएएचचा एकच सेल आहे. टीपी४०५६ या चार्जिंगच्या चिपच्या तयार मॉड्यूलने चार्ज करताना सेल गरम होतो.

उत्तर : होणारच. हे मॉड्यूल येतं तेव्हा १ अँपिअरला बसवलेलं असतं, म्हणजे तुमच्या सेलच्या क्षमतेच्या अडीचपट. करंट ठरवतो तो चिपच्या दुसऱ्या पिनला जोडलेला १.२ किलोओहमचा रेझिस्टर. १२०० ला ओहमने भागलं की साधारण अँपिअर मिळतात. तो काढून ५.६ किलोओहमचा लावलात तर करंट ०.२१ अँपिअरवर येईल. चार्जिंगला अडीच तास लागतील, पण सेल टिकेल.

सहा पॅडचं (वायर सोल्डर करायच्या सहा जागा असलेलं) मॉड्यूल असेल तर गाडीचा भार सेलच्या पॅडवरून न घेता आउटपुटच्या पॅडवरून घ्या. सेल फार उतरला की पुरवठा तोडणारं संरक्षण तिथेच मिळतं. चार पॅडच्या मॉड्यूलमध्ये ते नसतंच. चार्जिंग चालू असताना गाडी चालवू नका : करंट ठरवलेल्या आकड्याच्या दहाव्या भागावर आला की चिप थांबते, आणि मोटर करंट ओढत राहिली तर तो क्षण येत नाही. चार पॅडचं मॉड्यूल असेल तर दोन बाजूंचा स्विच बसवा, मधल्या पिनला सेल, एकीकडे चार्जर, दुसरीकडे गाडी. फुगलेला सेल दाबून सपाट करायचा नाही, टोचायचाही नाही. तो वापरातून काढा. दोन सेलच्या जोडीला मात्र हे मॉड्यूल चालत नाही, तिथे बॅलन्स चार्जरच (प्रत्येक सेलचं व्होल्टेज सारखं ठेवणारा) हवा.

प्रश्न : तीन रुळांचं जुनं ओ गेज (एचओहून मोठ्या मापाचं) इंजिन आहे, एसीवर चालणारं. बॅटरीला जोडलं तर चालतं, पण वायर उलट्या केल्या तरी पुढेच जातं.

उत्तर : या मोटरमध्ये कायम चुंबक नसतो, फील्ड कॉइल (चुंबकाचं काम करणारी स्थिर गुंडाळी) असते. वायर उलट्या केल्या की आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) आणि फील्ड दोन्हींतला प्रवाह उलटतो, म्हणून दिशा तीच राहते. उपाय सोपा आहे : ४ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (प्रवाह एकाच दिशेने वळवणारे चार डायोड). कंट्रोलरची एक वायर पहिल्या ब्रशला, दुसऱ्या ब्रशपासून ब्रिजच्या एका एसी पायाला, दुसऱ्या एसी पायापासून परत कंट्रोलरला. फील्ड कॉइल ब्रिजच्या धन आणि ऋण पायांमध्ये. फील्डचा प्रवाह आता एकाच दिशेने वाहतो, आर्मेचरचा तेवढा उलटतो. डायोडांत सुमारे १.४ व्होल्ट जातात, म्हणून तीन सेल, ११.१ व्होल्ट घ्या. फील्डचं एक टोक चौकटीला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवा. दिशा बदलणारी मूळ यंत्रणा आणि मधल्या रुळावरचे रोलर यांच्या वायरीही काढा.

प्रश्न : बॅटरीचं इंजिन आणि रुळांतून करंट घेणारं जुनं इंजिन एकाच रुळांवर चालेल का?

उत्तर : चालेल, पहिल्या उत्तरातली कंटिन्युइटीची चाचणी उत्तीर्ण झाली असेल तर. फिरून त्याच मार्गावर परत येणारा लूप असेल तर दोन रुळांच्या पद्धतीत तिथे शॉर्ट होतो. बॅटरीच्या इंजिनाला त्याचं काही नाही, पण रुळांत करंट आहे तोवर त्या लूपचे इन्सुलेटेड सांधे आणि स्विच जागेवर ठेवावेच लागतील.