बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेतला काळा डोह म्हणजे मृत्यूच का?

मृत्यू हा एक अर्थ झाला, पण तिथेच थांबू नका. बालकवी १९१८ मध्ये रेल्वे अपघातात अकाली गेले, ते मनात ठेवून ही कविता वाचली की डोह आणखी काळा दिसतो. आधी ८ ओळींतले रंग बघा: हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, मग काळा डोह. वाट कुरणातून एकटीच डोहाकडे जाते, म्हणून उदास वाटतं. पण त्याच काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो! माझ्या मते कवितेचा जीव इथेच आहे. नुसती भीती असती तर झाड पाण्यात पाय टाकून इतकं निवांत बसलं नसतं. तुम्ही ठाण्याचे असाल, तर दिवेलागणीला तिथल्या उपवन तलावाशी बसून ही कविता मोठ्यानं वाचा, आणि प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबा.