लिबरऑफिस उघडता उघडता गायब होतं

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीची सभासद यादी, देखभालीची बिलं, सभेच्या नोटिसा, सगळं लिबरऑफिसमध्ये आहे. गेल्या आठवड्यात भाच्याने नवी आवृत्ती टाकून दिली. तेव्हापासून आयकॉनवर क्लिक केलं की नावाचं चित्र येतं, खालची पट्टी अर्धीअधिक भरते आणि सगळं नाहीसं होतं. संदेश वगैरे काही नाही. काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. वार्षिक सभा 28 सप्टेंबरला आहे. काय करू?
— मानद सचिव, मुलुंड (पूर्व)

उत्तर : सचिवसाहेब, फॉरमॅट अजिबात मारू नका. आमच्याकडे गल्लोगल्ली हाच एक उपाय चालतो. दुकानदाराला तो सोपा पडतो, तुमची मात्र दहा वर्षांची बिलं पणाला लागतात.

आधी नोटिशीचं बघा. सभा 30 सप्टेंबरच्या आत आणि नोटीस सभेच्या 14 पूर्ण दिवस आधी, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या फायली धडधाकट आहेत. बिघडलाय तो त्या उघडणारा प्रोग्राम. पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडा, नाहीतर गूगल ड्राइव्हवर चढवा. नोटीस आजच निघू दे.

आता दुखणं. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला तरी फरक पडत नाही, यातच त्याचा पत्ता आहे. लिबरऑफिस तुमच्या आवडीनिवडी, स्वतः शिकवलेले शब्द आणि वरून जोडलेली एक्स्टेन्शन्स वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. प्रोग्राम काढला तरी ते फोल्डर जागचं हलत नाही. म्हणजे नवा प्रोग्राम दर वेळी तोच जुना पसारा वाचायला जातो आणि तिथेच आपटतो. माझा पहिला संशय एक्स्टेन्शनवर आहे. मराठी शुद्धलेखन तपासणारं एखादं कधीकाळी उतरवून घेतलं होतंत का, आठवून बघा.

खात्री करणं सोपं आहे. स्टार्ट मेनूत लिबरऑफिसच्या यादीत ‘सेफ मोड’ असं एक नाव दिसेल. 5.3 या आवृत्तीपासून ही सोय आहे. त्यावरून सुरू केलं की ते जुना पसारा बाजूला ठेवून तात्पुरत्या कोऱ्या फोल्डरवर चालतं. तिथे नीट उघडलं, तर दोष त्या फोल्डरचाच.

मग प्रोग्राम बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘सॉफिस डॉट बिन’, म्हणजे लिबरऑफिसच, अजून रेंगाळत असेल तर तेही संपवा, नाहीतर फोल्डरला हात लावू देणार नाही. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा आणि चौकटीत रोमन लिपीत ‘ॲपडेटा’ लिहा, पुढे-मागे टक्क्याची खूण देऊन. तिथे लिबरऑफिस, त्यात ‘4’, त्यात ‘यूजर’. तुमच्या आवृत्तीचा आकडा 24ने सुरू होवो की 25ने, त्या फोल्डरचं नाव 4च राहिलंय. बघून दचकू नका. ‘यूजर’ पुसू नका, फक्त नाव बदलून ‘यूजर-जुनं’ करा. पुढच्या वेळी प्रोग्राम स्वतःच नवं फोल्डर तयार करतो.

सेफ मोडमध्येही बंद पडलंच, तर फोल्डर निर्दोष. मग विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ लिहून ती हिस्टरी, म्हणजे बिघाडांची नोंद, उघडा. बंद पडल्याच्या दिवशी लाल खूण असेल. तिच्या तपशिलात ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ पाहा. तिथे ‘एनटीडीएलएल’ असलं तर त्यावरून काही ठरवू नका, ती विंडोजचीच फाइल आहे आणि दुसऱ्याच्या चुकीतही तिचंच नाव पुढे येतं. नावाची सुरुवात ‘आयजी’ने असेल तर बहुधा इंटेलच्या ग्राफिक्सची, ‘एनव्ही’ने असेल तर एनव्हीडियाची. 2020 च्या 7.0 पासून लिबरऑफिस विंडोजवर पडद्यावरच्या चित्रणासाठी स्किया नावाची लायब्ररी (तयार कोड) वापरतं आणि जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी (ग्राफिक्सची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामशी) तिचं पटेलच असं नाही. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर नवा घ्या.

जुनी आवृत्तीच परत टाकायची असेल तर तीही अधिकृत साइटच्या संग्रहात मिळते, पण ‘यूजर’चं नाव बदलल्याशिवाय टाकू नका.

सगळं सुरळीत झाल्यावर ‘यूजर-जुनं’मधून ‘वर्डबुक’ आणि ‘टेम्प्लेट’ ही दोन फोल्डर्स नव्यात आणा, म्हणजे शिकवलेले शब्द आणि बिलाचा नमुना परत मिळेल. सेटिंग्जची फाइल आणू नका. शुद्धलेखनाचं एक्स्टेन्शन सगळ्यात शेवटी, आणि तेही नव्या आवृत्तीसाठीचं मिळालं तरच. तोवर नोटिशीतले ऱ्हस्व-दीर्घ सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांकडून तपासून घ्या. मुलुंडात ते दर मजल्यावर असतात.