स्मरणिकेचं काम अंगावर आलंय? मग हे बघ

शाळा सोडणाऱ्या वर्गाची स्मरणिका तुझ्या गळ्यात पडली असेल, तर 'शाळेबद्दल चार शब्द लिही' असं कुणालाही सांगू नकोस. त्यातून 'ते सोनेरी दिवस' छापाचाच मजकूर हाती येतो. नेमकं विचार. कुठल्या बाकावर बसायचास आणि तिथून काय दिसायचं? कुठल्या सरांची चाहूल चपलांच्या आवाजावरून लागायची? प्रयोगशाळेत काय फुटलं आणि नाव कुणाचं आलं? असं विचारलं की एरवी गप्प बसणारी मुलंही खुलतात. लिहायचा कंटाळा असलेल्याला फोनवर बोलतं कर, त्याला सांगून रेकॉर्ड कर आणि उतरवून घे. भाषा मात्र फार धुऊ नकोस, त्याचा आवाज जातो.

मग वर्गाची यादी घेऊन बस. प्रत्येक जण निदान एका फोटोत आणि एका ओळीत आहे ना? मध्येच शाळा सोडून गेलेलेही धर. नाहीतर पुढे पुढे करणारी तीच चार टाळकी पानोपानी दिसतात (हे हमखास होतं). टोपणनाव छापण्याआधी ज्याचं त्याला विचार. चिडवायचं नाव सगळ्यांनाच गोड वाटत नाही.

फोटो मूळ फाइलमध्येच माग, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले छपाईत फुटतात. छापील आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) धर. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या ४ च्या पटीत हवी. नावाचं शुद्धलेखन ज्याचं त्याच्याकडूनच तपासून घे, हजेरीपटावर विसंबू नकोस.